सहाशे अकरा तुरी आणि एक कुलूप

सत्य दोन प्रकारचं असतं. एक डोळ्यांना दिसतं ते आणि दुसरं तक्त्यात भरलेलं असतं ते. पैकी पहिलं पाहणाऱ्यागणिक बदलतं. दुसऱ्यावर सही आणि शिक्का असल्यामुळे ते टिकतं. म्हणूनच शाळेतल्या मुलांना लहानपणापासून सांख्यिकी शिकवावी, असा निर्णय वरच्या पातळीवर झाला आणि त्याचं परिपत्रक बोरी अरबच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेतही येऊन पोचलं. "विद्यार्थ्यांमध्ये माहिती संकलन, वर्गीकरण व विश्लेषण यांची आवड दि. ३१ डिसेंबरपूर्वी निर्माण करण्यात यावी व तसा अहवाल सादर करावा."

मी या शाळेत गणिताचा सहायक शिक्षक आहे. आवड निर्माण करण्यासाठी मला तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. पहिल्या दिवशी सरासरी झाली, दुसऱ्या दिवशी मध्यक आणि बहुलक एकदम झाले, तिसऱ्या दिवशी फोटो झाला. (फोटोत मी मध्यकाच्या जागी उभा आहे.)

सर्वेक्षणासाठी विषय ठरवून दिलेले होते: आवडतं फळ, आवडता रंग, आवडता सण. आमचा पट बासष्ट. मुलं एकोणचाळीस, मुली तेवीस. पैकी अठ्ठेचाळीस जणांचं आवडतं फळ सफरचंद निघालं. मत नोंदवताना सगळ्यांच्या तोंडात बोरं होती, पण बोर हा पर्याय छापील यादीत नव्हता.

आठवीतली उर्वशी मात्र उभी राहिली. "सर, मले कुलूप मोजाचं हाये."

इथे कुलपाविषयी सांगणं आवश्यक आहे. आमच्या शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. आत पांढऱ्या फरशा, बाहेर निळा दरवाजा आणि दरवाजावर "आमचे स्वच्छतागृह, आमचा अभिमान" असं लिहिलेलं आहे. त्याखाली कुलूप आहे. चावी मुख्याध्यापक उकंडराव डवरे सरांच्या कडदोऱ्याला असते. कारण सरांनी एकदा मला एका वाक्यात सांगितलं होतं: "वापरू देलं तं घाण होते, घाण झालं तं शेरा येते." या धोरणामुळे आमचं स्वच्छतागृह सलग तीन वर्षं शंभर टक्के स्वच्छ आहे आणि त्याचं प्रमाणपत्र ऑफिसात टांगलेलं आहे. कुलूप दोनच प्रसंगी उघडतं: तपासणी पथक येणार असेल त्या दिवशी (तेव्हा मुली स्वागतगीताच्या रांगेत असतात) आणि शाळेत मतदान असेल त्या दिवशी (तेव्हा मुलींना सुट्टी असते).

मी उर्वशीला परवानगी दिली. कुलूप हा रंग, फळ किंवा सण नाही, एवढीच अडचण होती, आणि तिच्याकडे मी काणाडोळा केला.

तिची पद्धत निर्दोष होती. मुलींनी मधल्या सुट्टीत जाऊन दरवाजा पाहायचा. बंद दिसला तर बाटलीत तुरीचा दाणा टाकायचा, उघडा दिसला तर सोयाबीनचा. छत्तीस दिवसांत तुरी सहाशे अकरा जमल्या. सोयाबीन शून्य. तिनं आणखी एक मोजलं: सुट्टीआधी शाळेत मुली तेवीस, सुट्टीनंतर, थांबणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे, नऊ. या नऊजणींची घरं शाळेला लागून आहेत. बाकीच्या घरी जातात आणि परत येत नाहीत. उर्वशीचा तांडा दीड किलोमीटरवर. गणिताचा तास सुट्टीनंतर असल्यामुळे सांख्यिकी शिकायला ती स्वतःच नसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ती माझी वही मागून न्यायची.

डवरे सरांनी निष्कर्ष शांतपणे ऐकले. हजेरी सकाळी घेतली जाते, म्हणजे दुपार ही बाब हजेरीपटात नाहीच, हे त्यांनी प्रथम स्पष्ट केलं. मग तेवीस हा नमुना लहान असल्यामुळे त्यांनी स्वतः व्यापक सर्वेक्षण केलं. गावातल्या आणि तांड्यातल्या चाळीस मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारला: शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह उघडं असतं का? चाळीसच्या चाळीस जण हो म्हणाले. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, मतदानाच्या दिवशी. चाळीस हे तेवीसपेक्षा जास्त असल्यामुळे विषय संपला. बाटलीतल्या तुरी पोषण आहार शिजवणाऱ्या धुरपताबाईंकडे दिल्या गेल्या. त्यांनी फोडणी देऊन घुगऱ्या केल्या. आमची आकडेवारी चवीला चांगली होती.

उर्वशीनं तोवर वहीत नोंद करून ठेवली होती. तिनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा स्तंभालेख केला: तुरीचा स्तंभ वर्गाच्या खिडकीपर्यंत, सोयाबीनची जागा मोकळी. सरांनी त्यावर सुवाच्य अक्षरात शीर्षक दिलं, "तूर व सोयाबीन: तुलनात्मक अभ्यास", आणि तो व्हरांड्यात लावू दिला.

त्या चाळीस जणांत उर्वशीचे वडील धनसिंगही होते. अडचण तिथेच आली. ते मला बाजारात भेटले. "गुरुजी, पोरगी रोज अर्ध्या शाळेतून घरी येते. म्हन्ते, कुलूप हाये. म्या मतदानाले गेलतो तवा सताड उघडं होतं. बहाणे करून राह्यली. अर्धीच शाळा शिकाची तं कायले धाडू? कापूस येचाले कामी येईन. मंगळवारी येतो, दाखला काढून घेतो."

मी त्यांना सांगायला हवं होतं की पोरगी खरं बोलते. मी म्हणालो, "सरांना भेटा." मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. ती कोणत्या रकान्यात भरावी हे प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं.

दरम्यान डवरे सरांना सांख्यिकीची गोडी लागली होती. पथक कधी येईल हे आजवर कोणालाही कळत नसे. सरांनी गेल्या पाच भेटींच्या तारखा काढल्या: ३, ९, २१, २४, २८. बेरीज पंच्याऐंशी, भागिले पाच. पथक सतरा तारखेला येणार, हे गणितानं सिद्ध झालं. (यापूर्वी ते सतराला कधीही आलं नव्हतं, म्हणजे बाकीच होतं.) सतराच्या तयारीचे आदेश निघाले आणि सोळा तारखेला, मंगळवारी, चतुर्थी असल्यामुळे सर चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला गेले. कडदोरा अर्थातच सोबत गेला.

पथक सोळाला आलं.

पथक म्हणजे एक मॅडम, एक फाइल आणि एक जीप. आमची मधली सुट्टी नुकतीच होत होती आणि आमच्या आधी त्यांच्या चार शाळा झाल्या होत्या. प्रत्येक शाळेत आल्याचा एक आणि निघण्याचा एक असा चहा होतो, म्हणजे एकूण आठ कप. व्हरांड्यात धनसिंग दाखल्यासाठी सरांची वाट पाहत बसले होते. मॅडम स्तंभालेखापुढे थांबल्या.

"सोयाबीन शून्य कसं? या भागात तर सोयाबीन भरपूर होतं."

"होते, मॅडम," उर्वशी म्हणाली.

मॅडमनी पुढे विचारलं नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून वेगळंच काही विचारलं. उर्वशीनं निळ्या दरवाजाकडे बोट केलं. "पन कुलूप हाये, मॅडम. उघडं दिसलं तं सोयाबीन टाकतो आमी."

"चावी?"

"कळंबले गेली. गणपतीच्या दर्शनाले."

कळंब यवतमाळच्या पलीकडे. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मग तुम्ही मुली काय करता?"

"घरी जातो. माहा तांडा दीड किलोमीटर हाये. येता काय, मॅडम?"

हे तिनं मनापासून विचारलं होतं. मॅडमनी एकवार रस्त्याकडे पाहिलं, मग स्तंभालेखाकडे, आणि मोकळ्या जागेचा अर्थ त्यांना न विचारता समजला.

धनसिंग उठले होते. दरवाजाजवळ जाऊन त्यांनी कुलूप हातात घेतलं. त्याला गंज चढला होता. "हे रोज असंच राह्यते?" त्यांनी विचारलं. उर्वशीनं वही पुढे केली. त्यांना वाचता येत होतं तेवढं पुरेसं होतं. धुरपताबाई आतून वरवंटा घेऊन आल्या आणि तो त्यांनी धनसिंगांच्या हातात दिला. मॅडम भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा बारकाईनं पाहू लागल्या. दोन घावांत कुलूप खाली पडलं.

मॅडमनी जाताना शेरा लिहिला: "मुलींचे स्वच्छतागृह खुले आढळले. समाधानकारक."

सहाशे अकरा नोंदींनी जे झालं नाही ते एका नोंदीनं झालं. नमुना किती मोठा असावा यावर पुस्तकात आख्खं प्रकरण आहे; नमुना कोणाचा असावा यावर ओळसुद्धा नाही.

सर प्रसाद घेऊन परतले. नवीन कुलपासाठी त्यांनी रीतसर प्रस्ताव पाठवला असून तो विचाराधीन आहे, आणि अशा प्रस्तावांना लागणारा सरासरी वेळ पाहता उर्वशी तोवर पदवीधर होईल. सुट्टीनंतर शाळेत आता मुली बावीस-तेवीस असतात. धनसिंग दाखला न घेताच गेले. जाताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "म्या पाह्यलंच नव्हतं, बेटा."

उर्वशीनं आता नवी बाटली घेतली आहे. यंदाचं सर्वेक्षण मोठ्या माणसांचं. मतदानाचा दिवस सोडून गावातल्या शाळेत शेवटचे कधी गेलात, एवढाच प्रश्न. आठवत असेल त्यांचं सोयाबीन, नसेल त्यांची तूर. तुम्हाला हसू आलं असेल तर चांगलंच आहे, पण मघापासून ती माझ्याशेजारी तुरीचा दाणा घेऊन उभी आहे आणि तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे. सोयाबीन तिनं अजून खिशातून काढलेलंही नाही.