जास्वंद, व्यास एकशे दहा मिलिमीटर

आमच्या शेजारचे वाघमोडे काका फुलाचा फोटो टाकण्याआधी फूल मोजतात. अंदाजाने नाही, व्हर्निअरने. रविवारी सकाळी चष्मा कपाळावर चढवून, जास्वंदीची पाकळी त्या लोखंडी चिमट्यात अलगद धरून ते बाल्कनीत उभे असतात आणि काकू आतून विचारतात, "पास झाली का?"

काका मूळचे लातूरकडचे. भोसरीतल्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मुलाने ताथवड्याला घेतलेल्या फ्लॅटमध्ये दोघं राहायला आली. मुलगा, चिनू, बंगळुरात. काहीही विचारा, काकांचा उलटा सवाल ठरलेला: "ड्रॉइंग काय म्हणतंय?" ड्रॉइंग म्हणजे वस्तू कशी हवी त्याची सगळी मापं दिलेला कारखान्यातला नकाशा. भाजीत मीठ किती, लिफ्टमध्ये माणसं किती, लग्नाला निघायचं किती वाजता, या सगळ्याचं कुठेतरी एक ड्रॉइंग असतं आणि लोक ते न बघताच कामाला लागतात, अशी त्यांची समजूत.

त्यांना फोनवरच्या एका नव्या सोशल नेटवर्कवर मीच आणलं. मी तळवड्याला आयटीत आहे. आमच्या ऑफिसातले काही जण तिथे होते. मराठी माणसांनी हौसेने चालवलेलं, लहानसं, जाहिराती नसलेलं. पहिल्याच सकाळी काकांनी तिथे 'शुभ प्रभात' लिहिलेले तेवीस गुलाब टाकले. दुपारी, नेटवर्क सांभाळणाऱ्या मंडळींपैकी एकीचा अगदी गोड निरोप आला. आधी स्वतःची ओळख करून द्या, आलेलं तसंच पुढे ढकलू नका, आणि फोटोखाली त्यात काय आहे ते लिहा. इथल्या काही जणांना दिसत नाही, त्यांचा फोन त्यांना मजकूर वाचून दाखवतो.

मला वाटलं, काका रागावणार. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे इथं ड्रॉइंग आहे," ते म्हणाले. "मग मला आधी कामून सांगितलं नाही, ताई?"

त्यांनी नियमांची प्रिंट काढली, लॅमिनेट करून फ्रिजवर लावली. स्वतःची ओळख लिहिली: 'वाघमोडे, तपासणी खातं. उंची एकशे एकोणसत्तर सेंटिमीटर. चष्मा आहे. बीपी आहे. राग नाही.' मग पहिला फोटो. 'जास्वंद, एक नग. रंग लाल. पाकळ्या पाच. व्यास एकशे दहा मिलिमीटर. डावीकडच्या पाकळीला अळीने पाडलेलं भोक, तीन मिलिमीटर. अळी सापडली नाही.' लोक खूश झाले. आठवड्याभरात काकांची फुलं, वांगी, एकदा तर इस्त्रीची घडी, सगळं नेटवर्क बघू लागलं.

इथवर ठीक होतं. मग ते दुसऱ्यांचे फोटो तपासायला लागले. कुणी 'सुंदर संध्याकाळ' लिहिलं, की खाली काका: 'सुंदर म्हणजे किती? सूर्य कुठल्या बाजूला? रिवर्क करा.' दिघीच्या एका मुलीने मांजराच्या फोटोखाली नुसतं 'माझं बाळ' लिहिलं. काकांनी थेट लाल रंगात 'रिजेक्ट' लिहून चिकटवलं. मुलीने फोटो काढून टाकला आणि दुसरा निरोप आला, या वेळी जरा कमी गोड. नियम तुम्ही पाळता त्याचा आनंद आहे, पण माणसं इथे गप्पा मारायला येतात, तपासून घ्यायला नाही.

काका खचलेच. 'मांजर चांगलं आहे, चूक माझी' असं त्या मुलीला लिहिलं आणि फोन साखरेच्या डब्यामागे ठेवून दिला. बाल्कनीचं दार बंद राहू लागलं. काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, की माणूस दिवसभर टीव्हीसमोर बसतो आणि टीव्ही लावत नाही.

आठ दिवसांनी नेटवर्कवर मंदाताईंनी विचारलं, काका कुठे गेले? मंदाताई सांगलीला गाणं शिकवतात. जन्मापासून दिसत नाही. त्यांचं लिहिणं मी जाऊन काकांना वाचून दाखवलं. 'बाकीचे लिहितात, फूल छान आहे. त्यातलं छान मला कळतं, फूल कळत नाही. काकांचं फूल माझ्या हातात येतं. काका, फुलं पुष्कळ झाली, आता घरातलं माणूस दाखवा.'

काकांनी मला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग साखरेचा डबा सरकवला.

रविवारी सकाळी फोटो काढायला मलाच बोलावलं. काकू हिरव्या साडीत खुर्चीवर, ओठ घट्ट मिटून. फोटो झाला. काका समोर वही घेऊन बसले. 'उंची' असं लिहिलं, खोडलं. फोटोकडे बघितलं, मग काकूंकडे. 'कपाळ रुंद' लिहिलं. बराच वेळ बघून 'डाव्या भुवईत तीळ' लिहिलं. मग म्हणाले, हात पुढे कर. मनगटाच्या आत बोटभर लांब, पांढरट डाग होता.

"हे कधी झालं?"

"लई वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "चिनू तीन वर्षांचा होता. कढई सरकली. तुमची सेकंड शिफ्ट होती."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही आलात तेव्हा मी झोपले होते. सकाळी तुम्ही झोपला होतात. मग भरून आलं की ते."

काकू हसत सांगत होत्या, तक्रार नव्हतीच. काका त्या डागावर अंगठा ठेवून बसून राहिले. मी फोन उचलला आणि हळूच दाराकडे निघाले.

"दुसरा दाखव," मागून काकांचा आवाज आला.

काकूंनी तो हात साडीला पुसला आणि पुढे केला.