पाचावर धारण

टिक्.

एवढासाच आवाज झाला. एखादी नखाएवढी वस्तू फरशीवर पडावी तसा. पण स्वयंपाकघर इतकं चिडीचूप होतं की ओडेटला तो ऐकू आला. लिडी जागी असून गप्प आहे, म्हणजे लिडी कामात आहे, हे तिला आता अनुभवाने पाठ झालं होतं.

"काय पडलं गं?"

"काही नाही. माझा पाच पडला."

लिडी टेबलाखाली मांडी घालून बसली होती. समोर गोंद, कात्री आणि पुठ्ठ्याचा मुकुट. आज तिला पाच वर्षं पूर्ण होत होती आणि मुकुट विकतचा नको, स्वतः केलेलाच हवा, असा तिचा हुकूम होता. ओडेटने वाकून पडलेला तुकडा उचलला. इंचभर लांबीचा, पिवळाधमक, चकचकीत. कडेला बारीक काळ्या रेघा आणि मधोमध ठसठशीत पाचाचा आकडा.

असा पिवळा रंग तिने कुठेतरी पाहिला होता. अगदी काल संध्याकाळीच.

"लिडी, हा कुठून आणलास?"

"बाबांच्या पट्टीतून."

"कुठल्या पट्टीतून?"

"नव्या. बोटीवर चिकटवायची होती ना, ती. पण मी परत जोडून ठेवली, आई. रेघेला रेघ लावून, वरून चिकटपट्टी लावून. कळतसुद्धा नाही!" लिडीला शाबासकी हवी होती.

ओडेटची मात्र पाचावर धारण बसली. शब्दशः.

कारण ती पट्टी साधी नव्हती, मासे मोजायची होती, आणि आता ती बोटीवर चिकटलेली होती. गिल फुर्ताडो, म्हणजे ओडेटचा नवरा, लोकांना भाड्याने बोटीवर घेऊन जाई आणि किनाऱ्याजवळच्या खडकांत पट्टेवाला पकडून देई. पट्टेवाला म्हणजे अंगावर सात-आठ काळ्या रेघा असलेला बास मासा. आख्खं बंदर त्याच्यावर जगत होतं आणि त्याच्यापायीच भांडत होतं. तो ठेवायचा तर अठ्ठावीस इंचांच्या आत नको आणि एकतीस इंच भरलेलाही नको. लहान असेल तर सोडा, मोठा असेल तरी सोडा. या तीन इंचांच्या फटीतून गिलचा संसार चालला होता. आणि मागच्या ऑगस्टमध्ये त्याच्या बोटीवर पाव इंच कमी भरलेला मासा सापडला होता. तेव्हा ऑफिसर ट्रॅस्कबाईंनी फक्त ताकीद दिली होती. "पुढच्या वेळी सबब ऐकणार नाही, कॅप्टन. परवाना जाईल. पूर्ण हंगाम."

या ट्रॅस्कबाई म्हणजे माशांच्या पोलीस. दर शनिवारी दुपारी पोलादी मोजपट्टी घेऊन धक्क्यावर उभ्या असत.

आज शनिवार होता.

ओडेटने बोटांवर हिशेब केला. पट्टीत चारानंतर थेट सहा. म्हणजे प्रत्येक मासा खऱ्यापेक्षा एक इंच मोठा दिसणार. गिल पट्टीच्या सुरुवातीच्या टोकाकडे कशाला बघतोय? त्याची नजर नेहमी शेवटच्या त्या तीन इंचांवर. पट्टी साडेअठ्ठावीस म्हणेल, हा खूश होऊन मासा बर्फात टाकेल, आणि धक्क्यावर ट्रॅस्कबाईंच्या पोलादावर तो भरेल साडेसत्तावीस.

तिने फोन लावला. लागला नाही. बोट बेटापलीकडे गेली की फोन मुका होई. राहिला फ्रिजवरचा रेडिओ. पण रेडिओवर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. खेकडेवाले, शिंपलेवाले, बंदराचं ऑफिस आणि स्वतः ट्रॅस्कबाई, सगळे दिवसभर कान लावून. त्यावर 'आपली पट्टी खोटी आहे' म्हणणं म्हणजे परवाना ताटात घालून देणं.

आडून बोलायला हवं. ओडेटने माइक उचलला. बोटीला गिलने कौतुकाने तिचंच नाव ठेवलं होतं, त्यामुळे तिला नेहमीच जरा वेड्यासारखं वाटे.

"ओडेट, ओडेट, ओडेट. मी ओडेट बोलतेय."

खरखर झाली. "बोल गं. जरा लवकर, डॉक्टर प्रूटच्या गळाला मासा आहे."

"गिल, नीट ऐक. चुकलंय."

"काय चुकलंय?"

"ते... मोजायचं असतं ना, ते. एक चुकलंय."

पलीकडे त्याच्या पाठीमागून कुणीतरी 'ओढा, ओढा!' ओरडत होतं.

"ओडेट," गिलचा आवाज एकदम हलका झाला, "किती दिवस?"

"कालपासून."

"कालपासून? मग इतक्यात कळलं कसं?"

"आत्ताच कळलं. लिडीने दाखवलं."

"लिडीने?"

"हो! माझ्या हातातच आहे. इंचभर. पिवळं. गिल, तू वेळ घालवू नकोस. तुझ्या हातात आत्ता जे काही आहे ना, ते सोड. मोजत बसू नकोस. आज काहीसुद्धा ठेवायचं नाही, कळलं?"

"कळलं," गिल म्हणाला. "सोडतो. सगळं सोडतो. वावोला सांगितलंस?"

"तुझ्या आईचा काय संबंध इथे?"

"असं काय करतेस! तिला नाही सांगायचं तर कुणाला?"

मग तिला पाण्यात काहीतरी धप्पकन पडल्याचा आणि एक पुरुष किंचाळल्याचा आवाज आला. "अहो! माझा मासा! माझा मासा टाकला यांनी!"

ओडेटने सुस्कारा सोडला. सुटलो. तेवढ्यात रेडिओवर तिसराच आवाज घुमला. तो खेकडेवाल्या थॅड स्नोचा होता. या म्हाताऱ्याला दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्याखेरीज उद्योग नव्हता.

"ओडेट पोरी, अभिनंदन हो! आणि गिल, गधड्या, बीअर लागली तुला! पहिली पाच वर्षांची झाली, वेळ तर झालीच होती."

"थॅड, नाव काय ठेवायचं ते विचार!" चौथा आवाज.

ओडेट माइक हातात धरून जागच्या जागी खिळली. चुकलंय. कालपासून. लिडीने दाखवलं. इंचभर. अरे देवा. नाही म्हणावं तर मग काय चुकलं ते सांगावं लागणार होतं, आणि ऐकणाऱ्यांत ट्रॅस्कबाई होत्या.

दोन मिनिटांत फोन वाजला. गिलची आई. सगळं गाव तिला लिडीसारखंच 'वावो', म्हणजे आजी, म्हणे, आणि तिच्या स्वयंपाकघरात रेडिओ संतांच्या तसबिरीशेजारी ठेवलेला असे.

"म्हणजे मला रेडिओवरून कळायचं? थॅड स्नोच्या तोंडून?"

"वावो, तसं काही नाहीये..."

"मला शिकवू नकोस. गिलने हातातला मासा सोडला ना? मग झालं. याच्या आजोबांनी सोडला, याच्या बापाने सोडला. लिडीच्या वेळी यानेच काकाच्या बोटीवरून केवढा मोठा मासा सोडला होता! काका आठवडाभर बोलला नव्हता. आमच्यात बातमी आली की हातातला जीव समुद्राला परत द्यायचा, म्हणजे बाळ धड येतं. बारा वाजता धक्क्यावर ये. मी गोड पाव घेऊन येतेय."

"वावो, ऐका तरी..."

"आणि धावत येऊ नकोस!"

फोन बंद.

गोंधळ ओडेटच्या पाचवीलाच पुजलेला होता, पण एका सकाळी इतका नाही. बारा वाजता ती लिडीचा हात धरून धक्क्यावर निघाली. लिडीच्या डोक्यावर मुकुट होता आणि मुकुटावर, नव्याने घट्ट चिकटवलेला, पिवळा पाच. तो घरी ठेवायचा विषय काढताच लिडीने असं भोकाड पसरलं होतं की ओडेटने हात टेकले. वाटेत गळाच्या आमिषाच्या दुकानातली बाई बाहेर येऊन म्हणाली, "सावकाश गं, ओल आहे तिथे." डोनटवाल्याने एक जादा डोनट दिला. "दोघांसाठी खायला हवं." ओडेटने तो घेतला. नाही म्हणायला तिच्याकडे कारण उरलं नव्हतं.

धक्क्यावर वावो परडी घेऊन उभी होती. थॅड उभा होता. आणि ट्रॅस्कबाई, काखेत पोलादी पट्टी, चक्क हसत होत्या.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "चांगली बातमी आहे."

"हो ना," ओडेट म्हणाली. आपणच हे म्हणालो याचा तिला धक्का बसला.

बोट लागली. गिल एका उडीत धक्क्यावर आला आणि त्याने ओडेटला सगळ्यांदेखत मिठी मारली. ती त्याच्या कानात पुटपुटली, "गिल, पट्टी..." पण तेवढ्यात मागून डॉक्टर प्रूट उतरले. हे दातांचे डॉक्टर. दोन मेहुण्यांना घेऊन आले होते आणि रिकाम्या हाताने परतले होते.

"तुम्ही पोलीस ना?" ते थेट ट्रॅस्कबाईंसमोर उभे राहिले. "माझी तक्रार लिहून घ्या. या माणसाने माझा मासा फेकला. नियमात बसणारा! याला मूल होणार म्हणून मी उपाशी का?"

"डॉक्टरसाहेब, आमच्या घरची पद्धत आहे..." गिल म्हणाला.

"तुमच्या घरची असेल, माझ्या घरची नाही!"

"नियमात बसत होता कशावरून?" ट्रॅस्कबाईंनी विचारलं.

"साडेअठ्ठावीस होता. स्वतः बघितलाय. फोटो आहे माझ्याकडे!"

ओडेटच्या हातातला डोनट खाली पडला.

डॉक्टरांनी फोन पुढे केला. ट्रॅस्कबाईंनी चष्मा वर सारला. फोटोत गुबगुबीत पट्टेवाला पिवळ्या पट्टीवर आडवा पडला होता आणि शेपटी बरोबर साडेअठ्ठावीसवर. सुबक फोटो होता. "बघा, बघा, मोठा करून बघा," डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःच बोटांनी तो मोठा केला. आधी शेपटी. मग पोट. मग तोंड.

ट्रॅस्कबाईंचं हसू मावळलं.

"कॅप्टन," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तीन. चार. सहा. सात. तुमच्या पट्टीतला पाच कुठाय?"

गिलने फोटोकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वावो बघायला वाकली. थॅड वाकला. तेवढ्यात सगळ्यांच्या कंबरेच्या उंचीवरून, एक अभिमानाने भरलेला आवाज आला.

"इथे आहे."

सगळ्यांनी खाली बघितलं. मुकुटावरचा पाच उन्हात झळकत होता.

"मी परत जोडली पण," लिडी म्हणाली. "रेघेला रेघ लावून."

ट्रॅस्कबाईंनी आधी मुकुटाकडे पाहिलं, मग ओडेटकडे. "चुकलंय," त्या म्हणाल्या. "एक. कालपासून. इंचभर."

"पिवळं," ओडेट कसंबसं म्हणाली.

"म्हणजे हा मासा साडेसत्तावीस." ट्रॅस्कबाईंनी बोटीवर चढून बर्फाची पेटी उघडली. आत नुसता बर्फ आणि मेहुण्यांची सँडविचं. त्यांनी झाकण लावलं. "ठेवला असता तर आज मी परवाना घेऊन गेले असते. सोडलेल्या माशाला मात्र दंड नसतो. ती पट्टी आत्ता, माझ्यासमोर काढा."

"थांबा," डॉक्टर प्रूट म्हणाले. "सकाळी दोन मोठे सोडायला लावले मला. सव्वाएकतीस भरले म्हणून. ते...?"

"सव्वातीस. अगदी नियमात."

डॉक्टर धक्क्यावरच मटकन बसले. त्यांचे मेहुणे मात्र पोट धरून हसत सुटले. गिलने पुढच्या शनिवारची फेरी फुकट कबूल केली, तेव्हा डॉक्टरांनी आधी नवी पट्टी स्वतः मोजून बघायची अट घातली.

वावोने परडी फडक्याने पुन्हा नीट झाकली. "म्हणजे बाळ नाहीच?"

"नाही, वावो."

"आणि मी सकाळपासून कणीक मळली ती?"

"पाचासाठी," लिडी म्हणाली आणि परडीत हात घातला.

गिल दोरी गुंडाळत उगाच खाली बघत होता. ओडेट त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मी नावपण ठरवलं होतं," तो पुटपुटला.

"काय?"

"ओडेट."

"एवढ्या ओडेट पुरे झाल्या," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या ओल्या, माशांचा वास मारणाऱ्या बाहीवर क्षणभर डोकं टेकलं.

तिकडे ट्रॅस्कबाईंनी लिडीला धक्क्याच्या खांबाला पाठ लावून उभं केलं होतं. "मुकुट काढ. टाचा टेकव. शासकीय मोजणी आहे." त्यांनी पोलादी पट्टी उभी धरली, आधी एकदा, मग तिच्यावर दुसऱ्यांदा. "साडेएक्केचाळीस."

"मी मासा असते तर मला ठेवलं असतं?"

"छे! तू तर केवढी मोठी. अठ्ठावीसच्या पुढे ठेवायचं आणि एकतीस झाले की सोडून द्यायचं. मोठे झाले की त्यांचा समुद्र त्यांना द्यावाच लागतो."

लिडीने यावर बराच विचार केला. मग ती ओडेटकडे आली. बोटं गोड पावाने चिकट झालेली, मुकुट तिरका.

"आई, मी अठ्ठावीस कधी होते?"

"तू?" ओडेट खाली बसली आणि तिने मुकुट सरळ केला. "वर्षाचीसुद्धा नव्हतीस. रांगायचीस. कपाटं उघडायचीस."

"आणि एकतीस?"

"चालायला लागलीस तेव्हा."

"मग मी आता एक्केचाळीस आहे." लिडीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि तोंड अगदी कानाशी आणलं, पोलिसांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मला कधी सोडणार?"