वेदनासहित उपचार

दातांच्या डॉक्टरांची नोटीस आली तेव्हा पेंटर जेवत होता. बायकोने ती मोठ्याने वाचली आणि त्याचा घास तोंडातच राहिला. डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यावर ‘वेदनारहित उपचार’ असं लिहायचं होतं. पेंटरने हातभर उंच, लालभडक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘वेदनासहित उपचार’. तेव्हापासून दवाखान्याकडे पेशंट फिरकत नव्हते, फक्त फोटो काढणारे येत होते.

“अहो, र आणि स मधला फरक कळत नाही होय तुम्हाला?”

“डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्यांचं अक्षर औषधवाल्याला लागत नाही, मला कुठून लागणार?”

हे बोलताना मात्र त्याने मान वर केली नाही. लोक त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे. बोर्डाचं हसू झाल्यापासून तो त्या रस्त्याने जाणंच टाळत होता. डॉक्टरांचा फोन आला की फोन उशीखाली ढकलत होता.

शेवटी तो वकील शोधायला निघाला. पहिल्या ऑफिसातली गार हवा आणि मऊ खुर्च्या पाहूनच त्याला फीचा अंदाज आला. “चुकून आलो,” असं पुटपुटत तो जिना उतरला. दुसऱ्या वकिलाने नुसतं “बसा” म्हणण्याचे किती घेतो ते आधीच सांगितलं, म्हणून तो उभ्या उभ्याच परतला.

झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या एका खोलीत एक तरुण वकीलबाई बसत. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. पेंटरने खाली बघतच सगळं सांगितलं.

“परवडणार नाही हो मला काही,” तो म्हणाला.

“काका, फी राहू द्या. मला बाहेर एक बोर्ड रंगवून द्या. ‘अनुभवी वकील, माफक फी’. झालं?”

पेंटरला भरून आलं. या वेळी चूक होऊ द्यायची नाही, असं त्याने ठरवलं. एकेक अक्षर तो जीव ओतून काढत होता. ‘अन’ झालं, तेवढ्यात वकीलबाईंनी चहा पाठवला. चहा घेऊन तो पुन्हा शिडीवर चढला, न चा उकार द्यायचा राहिलाय हे विसरला आणि पुढे अख्खा ‘नु’ काढून मोकळा झाला.

संध्याकाळी बायको बाजारातून आली ती थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “वकीलबाई अननुभवी आहेत, हे तुम्ही आधी विचारून घेतलं होतं का?”

पेंटर भिंतीकडे तोंड करून बसला. एका नोटिशीवर उपाय शोधायला गेला आणि दुसरीची सोय करून आला! दुसऱ्या दिवशी लोक जागे व्हायच्या आत बोर्ड दुरुस्त करावा, म्हणून तो शिडी खांद्यावर घेऊन निघाला. पाहतो तर जिन्यावर माणसंच माणसं.

“रांगेत या,” एक रिक्षावाला म्हणाला. “मोठे वकील आपल्याला झेपत नाहीत. या बाई शिकाऊ दिसतात, कमी घेतील. शिवाय बोर्डावरच खरं सांगतात.”

इतक्यात वकीलबाई खिडकीतून ओरडल्या, “काका, ब्रश खाली! बोर्डाला हात लावाल तर खबरदार!”

“पण बाई, तुमची बदनामी...”

त्या खाली आल्या. त्यांचे कान लाल झाले होते. “बदनामी कसली?” त्या हळूच म्हणाल्या. “माझी पहिलीच केस आहे तुमची.”

पेंटरने खिशातली नोटीस चाचपली. त्याने तोंडभरून आभार मानले, शिडी उचलली आणि जो रस्ता इतके दिवस टाळत होता त्यालाच लागला.

डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर एकटेच बसले होते. पेंटरने हात जोडले. “चूक माझीच आहे डॉक्टर. लाज वाटत होती, म्हणून आलो नाही.”

“अहो, एक अक्षर बदलून द्या, एवढंच सांगायला फोन करत होतो! तुम्ही उचलेनात, म्हणून नोटीस पाठवावी लागली.”

पेंटर निमूटपणे शिडीवर चढला. मग वरूनच घुटमळत म्हणाला, “डॉक्टर, लिहून नका देऊ. नुसतं सांगा.”

आणि दातांचे डॉक्टर भर रस्त्यात उभे राहून ओरडू लागले, “र! र रस्त्यातला! स पुसा आधी, स!”