मुळ्यांकडे आधी तळघर

लोक पाहुण्यांना नवा सोफा दाखवतात, मुलांची बक्षिसं दाखवतात. प्रभाकर मुळ्ये बॉयलर दाखवायचे, आणि तोही चहाच्या आधी. दारात बर्फाचे बूट काढायचे, कोट खुंटीला लावायचा, आणि जिन्याच्या तोंडाशी मांडलेल्या सात जोड्यांतून आपल्या मापाच्या चपला निवडायच्या. त्या फक्त तळघराच्या चपला. खालची काजळी वर यायची नाही, वरची धूळ खाली जायची नाही, असं दुहेरी सोवळं. अमेरिकेतल्या आमच्या वुस्टरमधल्या झाडून साऱ्या मराठी माणसांनी त्या चपला घातलेल्या आहेत. मी तीन घरं पलीकडे राहायचो, त्यामुळे माझी जोडी ठरलेली होती.

खाली कोपऱ्यात तेलाची टाकी, आणि मधोमध तो. हिरवा, छातीइतका उंच, वयानं घराहून थोडाच लहान. तेल जाळून पाणी तापवायचं आणि ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवायचं, शिवाय नळाला गरम पाणी द्यायचं, एवढंच त्याचं काम. पण मुळ्ये बोलू लागले की एखाद्या संस्थानाचा दिवाण महाराजांची ओळख करून देतोय असं वाटे. आपण काही विचारायला गेलो तर बोट वर व्हायचं. "आधी ऐका." मग आम्ही सगळे परक्या चपलांत उभे राहून ऐकायचो. पंख्याची घरघर, एक बारीक टिक, आणि मग पोटातून आल्यासारखा 'भप्प'. "उठला," मुळ्ये म्हणत, आणि आम्हाला वर जाऊन चहा प्यायची परवानगी मिळे.

मुळ्ये मूळचे रत्नागिरीचे. इथं डॉक्टरेट करायला आले आणि एका कारखान्यात मेटलर्जिस्ट म्हणून तीस वर्षं राहिले. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण जानवं होतं, कारण रेडिएटरमध्ये अडकलेली हवा सोडायची पितळी चावी त्याला बांधलेली असे. मराठी मंडळाच्या भर बैठकीत, यजमानांचा रेडिएटर खडखडला, की हा माणूस शर्टाची वरची दोन बटणं काढायला लागायचा. नवख्या बायका घाबरून दुसरीकडे पाहत.

सप्टेंबरात तेल कंपनीचा टोनी बॉयलर साफ करायला यायचा. दर वर्षी तो तेल फवारणारं नोझल बदलायचा, आणि मुळ्ये जुनं नोझल मागून घ्यायचे. बोटाच्या पेराएवढी ती पितळी बोंडं सुपारीच्या डब्यात, वर्षाची चिठ्ठी लावून, ओळीनं ठेवलेली असत. टोनीही दर वर्षी सांगायचा, डॉक्टर, हा आता म्युझियमला द्या. त्यावर मुळ्ये त्याला आल्याचा चहा पाजत आणि विषय बदलत.

ऐंशीनंतर आमच्या रस्त्यावरची घरं एकेक करून गॅसवर गेली. माझंही गेलं. ही बातमी सांगितल्यावर मुळ्ये दोन आठवडे माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागले.

मुळ्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यावर मात्र बॉयलरचा प्रश्न घरगुती राहिला नाही. त्यांची एकुलती मुलगी माधवी ॲरिझोनात, चँडलरला इंजिनिअर होती. तिथं घर तापवायचं यंत्र म्हणजे सूर्य, आणि तो साफ करावा लागत नाही. वडिलांनी घर विकून तिकडे यावं म्हणून ती तीन वर्षं मागे लागली होती. तिला मुलगी झाली, तेव्हा मुळ्यांनी हट्ट धरला की बारसं इथंच, नाताळच्या सुटीत. माधवीनं अट घातली, ती मुळ्यांनीच मला चेहरा लांब करून सांगितली. बाळ आठवडाभर वुस्टरला असेल. तेवढ्यात घर एकदा जरी अडुसष्ट डिग्री फॅरनहाइटच्या खाली गेलं, तर घर विकायचं आणि चँडलरला यायचं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मान्य. पण थर्मामीटर माझा."

माधवी स्वतःचा घेऊन आली. दोन्ही थर्मामीटर दिवाणखान्याच्या भिंतीवर शेजारी शेजारी लागले, दोन वकिलांसारखे. तो आठवडा अंगणातला बर्फ कुऱ्हाडीनं फोडावा लागेल असा होता. मुळ्ये तासातासानं खाली जात आणि वर येऊन कोणी न विचारता सांगत, "ठीक आहे." सहा दिवस ठीक होतं. सातव्या दिवशी दुपारी बारसं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माधवीचं विमान.

बारशाला पस्तीस माणसं. अर्थातच सगळे आधी तळघरात, सात सातच्या तुकड्यांनी. शेवटच्या तुकडीत शेवटचा मी. वर येताना मी जिन्याच्या तोंडाशी हात घातला आणि दिवा बंद केला. माझं बालपण पुण्यात गेलं. खोलीतून बाहेर पडताना बटण दिसलं की हात आपोआप जातो. तिथं दोन बटणं होती. मी दोन्ही बंद केली. दुसऱ्यावर लाल पट्टी आणि इशारा होता, पण त्यावर त्या दिवशी मुळ्यांनीच हौसेनं झेंडूचं तोरण सोडलं होतं.

पाळणा सुरू झाला. बायकांनी दुसरं कडवं उचललं आणि मुळ्यांचं बोट वर गेलं.

"आधी ऐका."

पस्तीस मराठी माणसं एकाच वेळी गप्प बसल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. खालून काही आवाज नव्हता. स्वयंपाकघरात अर्धा तास गरम पाण्यानं भांडी घासली जात होती. त्यानं केव्हाच उठायला हवं होतं. मुळ्ये पाना घेऊन खाली धावले, चपला न घालता. तेव्हा प्रसंगाचं गांभीर्य सगळ्यांच्या ध्यानात आलं. खालून पत्रा उघडल्याचा आवाज आला. माझ्या डोक्यात मात्र अजून काहीच आलं नव्हतं.

माधवी थर्मामीटरकडे पाहत उभी होती. पस्तीस माणसांच्या उबेनं तो बहात्तरवर होता, पण माणसं घरी गेली असती आणि तो उतरला असता. ती नुसती उभी राहिली असती, तरी पैज तिची होती. त्याऐवजी तिनं बाळ माझ्या बायकोकडे दिलं, जिन्यापाशी गेली, तोरण बाजूला केलं, लाल पट्टीच्या बटणावर बोट ठेवलं आणि हाक मारली.

"बाबा, हात बाहेर काढ. आय ॲम टर्निंग इट ऑन."

घरघर. टिक. भप्प.

"उठला," माधवी म्हणाली, अगदी मुळ्यांच्या सुरात.

मुळ्ये वर आले. पायांना काजळी, कपाळाला काजळी, जानवं बाहेर. त्यांनी दोन्ही थर्मामीटर वाचले, मोठ्यानं, आधी तिचा आणि मग स्वतःचा. "बहात्तर," ते म्हणाले आणि काजळीच्या हातांनी नातीला घ्यायला गेले, तेव्हा माझी बायको त्यांना ओरडली.

"यू विन, बाबा," माधवी म्हणाली. बायकांनी पाळणा पहिल्यापासून म्हटला, आणि मला वाटतं थोडा जोरातच.

सगळे गेल्यावर मी गुन्हा कबूल करायला गेलो. मुळ्ये खाली पत्र्याचे स्क्रू पिळत होते. दिवा बंद करणाऱ्या माणसाला ते गुन्हेगार मानत नाहीत, असं ते म्हणाले. मी धीर करून विचारलं, मुलगी एवढी बोलावते, तिकडे ऊन आहे, नात आहे. या लोखंडात एवढं काय आहे?

त्यांनी उरलेले दोन स्क्रू पिळले.

"माधवीची आई पाचला उठायची," ते म्हणाले. "आधी ती खाली येऊन याला बघायची, मग चहा टाकायची. मी अंथरुणात ऐकायचो. आता मी याचं घड्याळ पाचला लावलंय. आपल्या आधी घरात कुणीतरी उठलेलं असलं म्हणजे बरं असतं."

घर विकलं गेलं नाही. टोनी पुढच्या सप्टेंबरात आला आणि म्युझियमचं नाव न काढता चहा प्यायला. माधवी हल्ली रोज पहाटे पाचला फोन करते. तेव्हा चँडलरला तीन वाजलेले असतात, बाळाच्या दुधाची वेळ. मुळ्ये बोलत नाहीत. स्वयंपाकघरातल्या फोनची लांब वायर ओढत जिन्याच्या तोंडाशी जातात, रिसीव्हर तळघराकडे धरतात, आणि तिकडे त्या दोघी ऐकतात.