आग्रहाचं लाल कूपन

सन १९९७. मला त्रेसष्टावं लागलं होतं. जन्माचा दाखला नाही, पण आमच्या आईचा हिशोब कचेरीपेक्षा पक्का होता, तेव्हा त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट. त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या अण्णानं लाइटचं मीटर बघायला आलेल्या माणसाला धरून पुरणपोळ्या खाऊ घातल्या. एक नाही, चार. तो बिचारा नोकरी जाईल म्हणून कळवळतोय, "काका, नोकरी जशे मारी!" आणि अण्णा तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं मागं. शेवटी माणूस भरल्या तोंडानं मागच्या दारानं पळाला. त्या वेळी आमच्या अख्ख्या ओळीला अंदाजाचं बिल आलं.

असा हा अण्णा. सरकारी कचेरीत कारकून होता, नाशिककडचा. मी खानदेशातला, इकडे गुजराती मुलखात उधन्याला लूमवर मुकादम. तो मॅट्रिक, मी तिसरी, तीही पुरी नाही. पण भिंतीला भिंत लागून राहिलो, आणि भिंतीला शिक्षण कळत नाही.

अण्णाचं एकच वेड. वाढायचं. कुणीही सापडो, त्याला बसवायचं आणि वाढायचं. नको म्हटलं की त्याच्या डोळ्यात चमक यायची. "अर्धी! अर्धीच घ्या!" पोटावर हात फिरवून दाखवला तरी ऐकायचा नाही. म्हणायचा, "तुम्हाला नको असेल हो, मला तर वाढायचीय!" यापुढं माणूस काय बोलणार? डॉक्टरनं त्याला साखर बंद सांगितली, तर हा दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरलाच शिरा घेऊन गेला, आणि पेशंट ताटकळत ठेवून त्याला दोनदा वाढला. एकदा आमच्या वाडीजवळच्या हॉलात कुणाचं तरी लग्न होतं. मी डोकावलो तर अण्णा पंचा खांद्यावर टाकून जिलबी वाढतोय. मी विचारलं, "कुणाचं लग्न रे?" म्हणाला, "ते नाही विचारलं. वाढपी कमी दिसले."

माझं उलट. मी कुणाला दोनदा विचारत नाही. जेवायचं तर बस, नाही तर चाललास तरी रस्ता मोकळा. माणसाला तोंड दिलंय देवानं, भूक असली तर हो म्हणावं. अण्णा यावर चिडायचा. म्हणायचा, "नाना, पहिल्यांदा हो म्हणतो तो हावरट. भला माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. दुसऱ्यांदा विचारणं हे यजमानाचं काम." मी म्हणायचो, "मग भला माणूस उपाशी मरेल माझ्या दारात." यावर आमचं वर्षानुवर्षं भांडण.

एक गोष्ट मात्र मला कधी सुचली नाही, बायकोनं दाखवली तेव्हा कळली. अण्णाला जेवताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

तर त्या मे महिन्यात अण्णाच्या नातवंडांनी वॉटरपार्कचा हट्ट धरला. पलसाण्याच्या पुढं हायवेला नवीन निघालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, खोट्या लाटा, सगळं. अण्णाचा मुलगा सुधीर, सून रेखा, दोन नातवंडं आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी. आम्हाला का नेलं? अण्णानं सांगितलं म्हणून. सुधीर म्हणाला, "नानाकाका, तुम्ही आलात तर अण्णा तुमच्याशी भांडत बसतील, आम्हाला जरा पोहायला मिळेल."

तिकिटं शहरात एका दुकानात मिळायची, आणि तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन आधीच घ्यायचं. एकदा घेतलं की परत नाही, बदलून नाही. तीन रंग होते. पिवळं कूपन म्हणजे आत कुठल्याही गाडीवर काहीही खा, पावभाजी म्हणू नका, गोळा म्हणू नका. हिरवं म्हणजे आपल्या हातानं ताट भरा, दुपारभरात केव्हाही या. आणि लाल म्हणजे थाळी. टेबलावर बसून, वाढपी वाढणार, पण वेळ ठरलेली, एक ते दोन. दोन वाजले की संपलं.

पोरं म्हणाली पिवळं. सुधीर म्हणाला पिवळं. रेखा म्हणाली, "हिरवं बरं अण्णा, ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा जेवेल." मी म्हणालो, काहीच नको, घरून भाकरी नेऊ. ते म्हणाले, बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी आहे. बंदी म्हटलं की माझ्या अंगात येतं. त्याच क्षणी भाकरी न्यायचं मी मनात पक्कं केलं.

अण्णा म्हणाला, "लाल."

"अहो अण्णा, पाण्यातून उठून कोण येणार एक वाजता?"

"बसून जेवल्यानं पचतं."

"पोरं ऐकायची नाहीत."

"श्रीखंड आहे लालमध्ये."

"तुम्हाला साखर बंद आहे!"

"तुम्हाला नाही ना बंद?"

आठवडाभर त्या घरात हेच. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. शेवटी अण्णा मला घेऊन दुकानात गेला, म्हणजे घरचं कुणी सोबत नको. दुकानदार गुजराती, तरुण, गोड बोलणारा. "काका, लाल तो कोई लेतुं ज नथी. पीळुं लई लो, छोकरां राजी."

अण्णानं त्याची उलटतपासणी सुरू केली. वाढपी किती? पुन्हा फिरतात का? पंक्तीला सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी सुरू करत नाही ना? आणि शेवटी, काउंटरवर वाकून, एकदम हळू, "आग्रह करतात का?"

तो हसला. "आग्रह तो लगनमां होय, काका. अहीं तो कूपन छे."

अण्णाचं तोंड जरा उतरलं. पण घेतली सातही कूपनं लाल. रस्त्यात म्हणाला, "आग्रहाचं बघू आपण."

घरी दोन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही.

रविवारी निघालो. फाटकावर रखवालदारानं पिशव्या उघडल्या. आमच्या बायकोच्या पिशवीत पंचे, त्याखाली लुगडं, त्याखाली ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. लुगड्याला हात लावायची हिंमत रखवालदाराला झाली नाही. मी मिशीवर हात फिरवत आत गेलो.

आत काय सांगू! सुधीर, कारखान्यात दहा माणसांना दम देणारा, भाड्याची पिवळी नायलॉनची चड्डी घालून घसरगुंडीवरून ओरडत खाली येत होता. रेखानं तर मला ओळखच दाखवली नाही, लाजली असेल. अण्णा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, कूपनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सकाळपासून त्या जेवणाच्या शेडभोवती फेऱ्या मारत होता. आचाऱ्याला दोनदा विचारून आला, कढीत आलं घातलं का.

एक वाजायला आला आणि अण्णा पाण्याकडे निघाला. काठावर उभा राहून नावं घेऊन हाका मारतोय. शाळेत हजेरी घेतात तशा. लोक हसतायत. धाकटी नात लाटांमध्ये शिरून लपली, तर हा पायजम्यासकट कमरेएवढ्या पाण्यात. तिला काखोटीला मारून आला, कूपनांची पिशवी डोक्यावर. "अण्णा, प्लीज!" सुधीर म्हणाला. पण आले सगळे. ओलेचिंब, तोंडं वाकडी करत, एका लांब टेबलाला ओळीनं बसले.

अण्णा बसला नाही.

वाढपी आला, मोठ्या मिशांचा, घाईतला. अण्णानं त्याच्या हातातून पुरीची टोपली काढून घेतली. "तुम्ही डाळभात बघा." तो म्हणाला, "काका, तमे बेसो ने!" पण टोपली गेली होती. मग काय विचारता! पुरी, भाजी, कढी, श्रीखंड. "सुधीर, अर्धी!" "रेखा, तुला नको असेल, मला तर वाढायचीय!" पोरांना हसू फुटलं. मग सुधीरला फुटलं. मग तो म्हणाला, "वाढा अण्णा, एक वाढा," आणि अण्णानं दोन वाढल्या. शेजारच्या टेबलावर एक गुजराती कुटुंब होतं, त्यांनाही सोडलं नाही. त्यांची म्हातारी हात ताटावर आडवा धरून ओरडतेय, आणि अण्णानं तिच्या बोटांच्या फटीतून श्रीखंड घातलं. मी स्वतः चार वाट्या खाल्ल्या. भाकरी पिशवीतच राहिली. रखवालदाराला हरवलं तेवढं पुरे.

पोरं पळाली पाण्याकडे. मागून सुधीर, रेखा. आमची बायको हात धुवायला गेली. अण्णानं पंच्यानं कपाळ पुसलं, टोपली खाली ठेवली आणि पंक्तीच्या शेवटच्या खुर्चीवर बसला. वाढणारा शेवटी जेवतो, हा नियम. त्यानं आपलं कूपन पुढं केलं.

मोठ्या मिशांचा म्हणाला, "टाइम पूरो, काका. बे वागी गया." मागं भांडी घासायला गेलीसुद्धा.

मला हसू आवरेना. आठवडाभर ज्या लाल कूपनासाठी घर डोक्यावर घेतलं, ते जसंच्या तसं त्याच्या हातात! मी म्हणालो, "मॅट्रिक झालास ना रे? एक ते दोन वाचता येत नव्हतं?"

तो चिडला नाही. उष्ट्या ताटांच्या त्या ओळीकडे बघत होता.

"सगळे एकदम बसले होते, नाना. पाहिलंस ना? सुधीर कधी पहाटे इच्छापोरच्या कारखान्यात जातो, कधी रात्री येतो. रेखा मिलच्या ऑफिसात. पोरं टीव्हीपुढं ताट नेतात. ओट्यावर झाकून ठेवलेलं असतं, ज्याचं तो घेतो. मीपण घेतो, उभ्यानंच. ही गेल्यापासून त्या घरात पंगत बसलेली नाही रे. घरात वाढायला गेलो तर म्हणतात, अण्णा, आम्ही घेऊ. इथं कूपन होतं म्हणून बसले."

मी पिशवी ओढली. "भाकरी आहे. खातोस?"

"नको रे. पोट भरलंय."

मी पिशवी बंद केली. नियम म्हणजे नियम.

परतताना भाड्याच्या गाडीत बाकी सगळे झोपले होते, अण्णाही, मान खिडकीला लावून. बायकोला मी सगळा किस्सा रंगवून सांगितला, ती हसेल म्हणून. ती हसली नाही. आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाली, "त्यासले आखो एकडाव इचारानं व्हतं ना!"

"मी दोनदा विचारत नाही, माहीत आहे ना तुला."

"माहीत शे," ती म्हणाली, आणि भाकरीची पिशवी माझ्या मांडीवर टाकून तिनं तोंड खिडकीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडून ताज्या भाकरी करून घेतल्या. ताट घेऊन अण्णाकडे गेलो. सुधीर पाळीवर गेलेला, रेखाची बस निघून गेलेली, पोरं अंथरुणात. ओट्यावर झाकलेली भांडी आणि त्यांच्याशेजारी अण्णा, हातात बशी घेऊन उभा. मी जमिनीवर ताट मांडलं, त्याला दंडाला धरून बसवलं आणि समोर बसलो.

"खातोस?"

"नको रे नाना, पोट..."

"अर्धी," मी म्हणालो. "तुला नको असेल, मला तर वाढायचीय."