चार लिटर नामंजूर

१३ सप्टेंबर. काम: वार्षिक सभेच्या नोटिसा घरोघर देऊन सह्या घेणे. हिंमतआप्पांचं घर सगळ्यात शेवटी.

हिंमतआप्पांनी एकदा श्रद्धांजलीचा ठराव नामंजूर केला होता. चेअरमननी वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावं वाचली, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मग खाली बसले. आप्पा उभेच. म्हणाले, "नामंजूर." मेलेल्या माणसाला नामंजूर कसं करतात, हे मंडपात कोणालाच कळेना. आप्पांनी खुलासा केला. यादीतल्या एकाचा शेवटचा दुधाचा पगार त्याच्या बायकोला अजून मिळालेला नव्हता. "पहिले त्याना पगार द्या, मंग त्याले हात जोडा," ते म्हणाले आणि टोपी सारखी करून बसले. पगार दुसऱ्याच दिवशी पोचला. श्रद्धांजलीला एक विरोधी मत असलेली महाराष्ट्रातली बहुधा आमचीच एकमेव दूध संस्था.

मी या संस्थेची सचिव. गाव म्हसावदच्या अलीकडे, आजूबाजूला केळी, पपई आणि ऊस. संस्था म्हणजे पत्र्याची एक खोली, वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र आणि माझी खुर्ची. सकाळ-संध्याकाळ लोक दूध आणतात, आम्ही मोजतो, शीतकरण केंद्राची गाडी येते आणि कॅन घेऊन जाते. दर दहा दिवसांनी पगार. ऐकायला सोपं वाटतं. चालवून बघावं.

आप्पा सत्तरी ओलांडलेले, उंच, वाळलेल्या तुराटीसारखे. पत्नी वारून दोन वर्षं झाली, मुलगा सुरतेला. मला ते नावाने हाक मारत नाहीत. "शेक्रेटरी" म्हणतात, तेही असं, की एखाद्या खात्याकडे तक्रार करत आहेत. रांगेत सगळ्यांच्या मागे उभे राहतात आणि पुढच्या प्रत्येकाच्या दुधाचा फॅट स्वतः वाचतात. यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. त्यांच्या मते यंत्र सकाळी खरं बोलतं आणि संध्याकाळी थकतं. सभेला येताना चहा घरून थर्मासमध्ये आणतात, कारण संस्थेचा चहा प्यायला तर चहाखर्चाला नामंजूर म्हणता येत नाही.

तोटा हा त्यांचा आवडता विषय. हिशेबपत्रक हातात आलं की शेवटच्या पानापासून वाचायला घेतात. "तोटा कोठे शे ते देखाड." मी म्हणते, आप्पा, यंदा नफा आहे. "मंग तो कोठे दडेल शे ते देखाड."

लोक हसतात, मीही हसते. पण एक गोष्ट सांगायला हवी. एका वर्षी नफा बरा झाला होता आणि चेअरमननी तो सगळा दिवाळीला वाटायचं ठरवलं. निवडणूक जवळ होती. मंडपात मंजूर, मंजूर सुरू झालं. आप्पा उठले. त्या दिवशी ते इतका वेळ बोलले की आचाऱ्याची भजी गार झाली, आणि शेवटी निव्वळ भुकेपोटी लोकांनी निम्मा नफा राखीव निधीत टाकायला हात वर केले. पुढच्या उन्हाळ्यात शीतकरण केंद्राकडून यायचे पैसे अडकले. शेजारच्या दोन गावांतल्या संस्था त्यात बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. आमच्याकडे त्या निधीतून पगार ठरल्या दिवशी झाला. आप्पांनी तो मोजून घेतला आणि म्हणाले, नोटा जुन्या आहेत.

सध्या संस्थेची हालत नाजूक आहे. गावात खासगी डेअरीने केंद्र उघडलंय. लिटरमागे दोन रुपये जास्त, वर उचल. काही सभासद तिकडे गेले. शीतकरण केंद्राने मला सांगून टाकलंय, दिवसाचं दूध शंभर लिटरच्या खाली गेलं तर गाडी तुमच्या गावात वळणार नाही. गाडी बंद म्हणजे संस्था बंद. मग स्पर्धा संपली की खासगीवाल्याचे दोन रुपयेही बंद होतील, हे मला दिसतं, पण त्याची नोटीस काढता येत नाही. चार महिने आम्ही शंभरच्या जरा वर लोंबकळतोय. कधी एक लिटर वर, कधी दोन.

तिकडे जाणाऱ्यांत पहिला होता सलीमभाई. वेल्डिंगचं दुकान आणि दोन चांगल्या म्हशी. त्याला मुलीच्या लग्नाला उचल हवी होती. चेअरमन राखीव निधीतून द्यायला तयार होते. आप्पा बैठकीच्या दारातून म्हणाले, "नामंजूर. आज एकले दी, सकाय धा जण उभा ऱ्हातीन." नियमाने आप्पा बरोबर होते. दुसऱ्या दिवशी सलीमभाईचा कॅन खासगी केंद्रावर दिसला.

तर आज नोटिसा. आप्पांची नोटीस हातातच द्यावी लागते. एकदा ती चौदाऐवजी तेरा दिवस आधी पोचली, तर त्यांनी अख्खी सभा पुढे ढकलायला लावली होती.

त्यांच्या दारात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आप्पा आत काहीतरी खुडबुड करत होते, म्हणून मी गोठ्याकडे वळले. म्हैस मळ्यात बांधतो, संध्याकाळी घरी आणतो, असं ते सांगायचे. दूधही फक्त संध्याकाळचंच घालायचे, सकाळचं म्हणे रेडकू पितं. गोठ्यात गव्हाण कोरडी होती आणि तिच्यात सरपण रचलेलं. खुंट्याला कोळ्याने जाळं केलं होतं. शेणाचा कुठे पत्ता नाही. मी तीस वर्षं जनावरं पाळते. शेण नाही म्हणजे म्हैस नाही, यात दुसरं मत असायचं कारण नाही.

एवढ्यात फाटकातून सलीमभाई आला. हातात किटली.

"आप्पा, चार लिटर," असं म्हणत तो आत आला, आणि मला बघून किटली पाठीमागे घेतली. एवढी मोठी किटली पाठीमागे मावत नाही.

मी विचारलं, हे रोज चालतं का? तो म्हणाला, चार महिन्यांपासून. खासगीवाल्याला सकाळचं जातं, संध्याकाळचं आप्पा घेतात, गावातल्या भावाने, रोख. "मुझे लगा डॉक्टर ने पीने को बोला होगा," तो म्हणाला. "मी बायकोला सांगितलं पण, की आप्पा या वयात पहिलवान होऊन राहिले."

आप्पा दारात येऊन उभे होते. मी मनात हिशेब केला. गावातल्या चढ्या भावाने विकत घ्यायचं आणि संस्थेच्या कमी भावाने घालायचं. तोट्यावर आयुष्यभर भाषणं करणारा हा माणूस रोज संध्याकाळी चार लिटर तोटा स्वतःच्या हाताने किटलीतून ओतत होता.

"म्हैस कुठे आहे, आप्पा?"

"आटी गई. भाचाकडे धाडी दिधी, सारंगखेडाले."

"मग दुसरी का नाही घेतली?"

"कोनासाठे?"

मी त्यांना सांगितलं की बाहेरचं दूध विकत घेऊन संस्थेत घालणं नियमात बसत नाही, आणि हा नियम वाचून दाखवणारे गावात तेच एकटे आहेत. आप्पांनी मान हलवली. नियम त्यांना पाठ होता. मग ते सलीमभाईकडे न बघता बोलले.

"मन्हा नामंजूरवरथून एक सभासद गया. दूध कमी व्हयनं, गाडी बंद पडाले उनी. सभासद काही परत ये ना. मंग म्हटलं, त्यानं दूध तरी लई जाऊ."

सलीमभाई किटलीच्या झाकणाकडे बघत राहिला. मी म्हटलं, हे बैठकीत सांगितलं असतं तर काहीतरी रस्ता काढला असता. घरी बसून असला उद्योग कशाला?

आप्पा पायरीवर बसले. "घरमा बसीसन काय करू? सांजले डेअरीवर येस, तू वरडस, आप्पा सरका, आप्पा यंत्रले हात लावू नका. आठे घरमा भांडाले कोनी नही, बेटा."

मला त्यांनी शेक्रेटरी सोडून दुसरं काही म्हटल्याची ही पहिलीच वेळ. मी नोटीस पुढे केली. त्यांनी तारीख बघितली, बोटांवर दिवस मोजले आणि सही केली.

"आजचे चार लिटर घरी ठेवा, दही लावा," मी म्हटलं. "संस्थेत नामंजूर."

परतताना मी सलीमभाईला रस्त्यात गाठलं. खासगीवाल्याची उचल फिटली का? म्हणाला, महिना झाला. दोन रुपये जास्त होते, तेही आता फॅटमध्ये कापून घेतात. मग परत का येत नाही?

"ताई, आता कोणत्या तोंडाने येऊ?"

"तोंड ठेवा घरी," मी म्हटलं. "कॅन आणा. दोन्ही वेळचा."

आजचं दूध शंभराला दोन लिटर कमी भरलं. गाडीच्या ड्रायव्हरने पावती बघितली आणि माझ्याकडे बघितलं. उद्या जास्त असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, बघा, आता माझ्या हातात नाही.

१४ सप्टेंबर. सकाळी सलीमभाई रांगेत होता. पुढच्या बाईने कॅन ठेवायला जागा केली. फॅट चांगला लागला. त्याचं दूध पावतीवर चढवलं, गाडी वेळेवर वळली आणि भरून गेली.

मग मी घरी आले. माझ्या तीन म्हशींतली एक गाभण आहे, महिन्याभरात व्यायला हवी. तिघींचं एकटीने होत नाही, हे मी पावसाळा लागल्यापासून म्हणतेय. तिचं दावं सोडलं आणि गावातून चालवत आप्पांच्या दारात नेली. अर्धलीने देते म्हटलं. चारापाणी तुमचं, दूध तुमचं, रेडकू निम्मं माझं. पारडी झाली तर संस्थेला घालायचं दूध तिला पाजायचं नाही.

आप्पांनी म्हशीभोवती एक चक्कर मारली. दात बघितले, कास बघितली, शेपटी उचलून बघितली. शिंगं वाकडी आहेत म्हणाले. खूर वाढलेत. मागचा पाय टाकताना जरा ओढते. रेडकाची वाटणी निम्मी का, सहा आणे का नाही? अशी जनावरं घेऊन माणूस तोट्यात जातो, शेक्रेटरी.

"नामंजूर," ते म्हणाले, आणि गव्हाणीतलं सरपण उचलून बाहेर टाकायला लागले.