शंभर टक्के सहभाग

आपण राहतो ती जमीन आपली आहे की नाही, हा प्रश्न आमच्या वस्तीत कुणाला पडत नव्हता. तो पाडण्यासाठी तीन वर्षांचा संशोधन प्रकल्प आला.

संशोधक बाई स्वभावाने गोड. आमच्या दीड खोलीत मांडी घालून बसल्या आणि एकशे बारा प्रश्न विचारले. किती वर्षं राहता, कागद आहे का, नसल्यास नसण्याबद्दल काय वाटतं. भीती वाटते, मी म्हटलं. लेक दोन वर्षांची, उद्या उठवलं तर तिला घेऊन जायचं कुठे? त्यांनी लिहून घेतलं, ‘भीती : मध्यम’.

पुढे वरून पत्र आलं. संशोधन आणि धोरण यांची सांगड घालण्यासाठी मंगळवारी दहा ते पाच परिसंवाद. जो हजर, त्याचंच नाव हक्काच्या यादीत. पत्राच्या पाठीमागे दुसरी सूचना : मंगळवारी दहा ते पाच मोजणी, ज्या घरात माणूस सापडेल, तेच घर वापरात.

पाठीमागची बाजू वाचायची खोड वस्तीत मला एकटीलाच. मी सगळ्यांना सांगत सुटले. शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, बाळंतपणापासून तुझं हे असंच चाललंय. शेवटी मी कचेरी गाठली.

“साहेब, माणूस एका वेळी दोन ठिकाणी कसा असेल?”

“परिसंवाद संशोधन विभागाचा, मोजणी धोरण विभागाची,” साहेब शांतपणे म्हणाले. “दोघांची सांगड अजून बसलेली नाही, ताई. म्हणून तर परिसंवाद ठेवलाय.”

मग आम्ही घर वाटून घेतलं. नवरा रजा टाकून घरी बसला, मी लेकीला काखेत मारून सभागृहात गेले. तिथे रंगीत कागदांवर आपापलं घर काढायला लावलं. वस्ती झाडून आली होती. काकूंनी तर खिडकीला पडदासुद्धा काढला.

तेवढ्यात तिकडे मोजणीदार कुलपं मोजत आमच्या दाराशी पोचला. बायको-मुलगी परिसंवादाला गेल्यात, नवऱ्याने सांगितलं.

“ते ऐकीव झालं,” मोजणीदार म्हणाला. “मला दिसतं ते मी लिहितो.”

अहवालात सहभाग शंभर टक्के. वस्ती रिकामी, अपवाद एक अविवाहित पुरुष. त्याची सोय शहराबाहेरच्या पुरुष वसतिगृहात. मी आणि लेक हक्काच्या यादीत आहोत, पण हक्क कशावर, तो रकाना मोजणीवरून भरायचा असल्याने कोरा. घर पंधरा दिवसांत सोडायचं आहे.

अंतिम करण्यापूर्वी अहवाल बाहेरच्या जाणत्या वाचकांना पाठवतात, असं कळल्यावर मी पुन्हा कचेरीत धावले. कुणी हरकत घेतली का? साहेबांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचला होता. दोन-तीन ठिकाणी हसू आल्याचंही प्रामाणिकपणे नोंदवलं होतं. खाली अभिप्राय : भाषा ओघवती आहे.